उजवीकडे काही आहे का?

सप्टेंबर संपत आला की आमच्या कम्युनिटी हॉलचं हीटिंग पहिल्यांदा चालू करतात, आणि पाइपांवर साचलेली धूळ भाजल्याचा वास हॉलभर पसरतो. इतरांना ऑटम झाडांवरून कळतो, मला या वासावरून. मग भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीने बसून सगळे आपापल्या नाचाच्या बुटांचे मऊ तळवे तारेच्या ब्रशने घासायला लागतात. खर्र, खर्र. कुणीतरी फोन बघून सांगतं, एंट्रीज ओपन झाल्या. म्हणजे स्पर्धांचा मोसम सुरू झाला. परवा मंगळवारी हे सगळं पुन्हा जसंच्या तसं झालं.

मी मुळातच काळजीखोर बाई. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का बघायला दोनदा परत येणारी. आमच्याकडे आता गॅस नाही, इंडक्शन आहे, तरी येते. हॉस्पिटलच्या फार्मसीत वीस-बावीस वर्षं काढली, तिथे ही सवय गुण म्हणून खपली. बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी बाई सगळ्यांना हवी असते. घरात तीच बाई डोक्याला ताप होते, हे ह्यांनी मला अनेकदा सांगितलंय. हे म्हणजे माझे मिस्टर. वय बासष्ट, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. आम्ही दोघं मिल्टन कीन्समध्ये राहतो आणि मंगळवारी व शुक्रवारी बॉलरूम नाचतो. तेही अमेरिकन स्टाइलचं.

हे सांगितलं की इंग्लिश माणूस आधी हसतो आणि मग भुवया उंचावतो. कारण बॉलरूम ही त्यांची वस्तू. त्यांच्या पद्धतीत एकदा जोडीदाराला धरलं की गाणं संपेपर्यंत सोडायचं नाही. छातीपासून गुडघ्यापर्यंत दोघांनी एक होऊन फिरायचं. अमेरिकन स्टाइलमध्ये मात्र हात सोडता येतो. वॉल्ट्झ चालू असताना बाई नवऱ्याच्या मिठीतून गिरकी घेत बाहेर पडते, एखादी मात्रा एकटी तरंगते, त्याच्या शेजारी उभी राहून तेच पाऊल टाकते आणि पुन्हा आत येते. एका स्पर्धेत चहाच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ मला फार सभ्यपणे म्हणाले होते, "दिसतं सुंदर, पण तिला सोडून दिलंत तर ते बॉलरूम कसलं?" मी थँक्यू म्हटलं. नंतर वर्षभर मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत राहिले.

आमची टीचर जॅनेट. सत्तरी ओलांडलेली, जन्म जवळच्याच गावातला. अमेरिकन नवऱ्यामागे तिकडे गेली, पंचवीस वर्षं तिकडे नाच शिकवला, नवरा गेल्यावर परत आली. येताना ही हात सोडायची विद्या घेऊन आली. पहिल्या वर्षी आम्ही चार जोड्या होतो. स्पर्धांमध्ये आमच्या प्रकाराला दुपारच्या जेवणाआधीची वेळ द्यायचे, म्हणजे प्रेक्षक सँडविच घ्यायला गेलेले असत. आमच्यातल्या तीनच जोड्या स्पर्धेत उतरायच्या आणि बक्षिसंही तीन, त्यामुळे कुणी रिकाम्या हाताने घरी जात नसे. मग कुठून कोण जाणे, माणसं यायला लागली. लेस्टरहून दोन गुजराती दंतवैद्य आणि त्यांच्या बायका, एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्याची बहीण, शाळेतल्या टीचर, घटस्फोटित माणसं, टीव्हीवर बघून वेडी झालेली माणसं. सगळे हौशी. दिवसा कोणी दात काढतंय, कोणी कौन्सिलमध्ये फोन उचलतंय. हॉलमध्ये वेळ पुरेना म्हणून शुक्रवारही घेतला. आता स्पर्धेत आमच्यासाठी आधी हीट होते, मग सेमीफायनल, आणि पहिल्या फेरीत बाद होऊन रडणारी माणसंही असतात. वाढ म्हणतात ती हीच असावी.

या सगळ्यात मी कशी पडले, याचं मला अजून नवल वाटतं. मुंबईत आमच्या वस्तीत जयंतीला ढोल वाजायचे, पुरुष नाचायचे, आणि माझे वडील मला घरात अभ्यासाला बसवायचे. "आपल्या बायका दुसऱ्यांसमोर खूप नाचल्या, आता शिकू देत," असं ते म्हणत. त्यामागे जुनं दुखणं होतं, माझ्या पणजीचं, जिला पोटासाठी लोकांसमोर नाचावं लागलं होतं. तेव्हा मला ते कळत नव्हतं. पुढे शिकले, इथे आले, विहारातल्या कार्यक्रमात निवेदन करायचे, पण पाय कधी हलवला नाही. पहिल्या दिवशी जॅनेटने ह्यांचा हात माझ्या पाठीवर ठेवला तेव्हा मी दाराकडे बघितलं होतं. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी बघितलं.

नाच माझ्या डोक्यातून आला नव्हता. तो ह्यांनी आणला. अठ्ठावन्नाव्या वर्षी ह्यांच्या आयटी कंपनीने सगळी टीम कमी केली. अठ्ठावीस वर्षांनंतर एका मीटिंगमध्ये सांगून मोकळे झाले. त्यानंतर आठ महिने हे समोरच्या खोलीत खिडकीशी बसून असत. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. मुलगी लेस्टरहून यायची, बोलून थकून जायची. मग एके दिवशी लायब्ररीतून जॅनेटच्या क्लासचं पत्रक घेऊन आले आणि म्हणाले, "चल, जाऊन बघू." त्या 'चल'साठी मी काय वाटेल ते शिकले असते. माणूस खुर्चीतून उठला होता. हे लक्षात ठेवा, कारण मी पुढे जे केलं ते तो पुन्हा तिथे जाऊन बसेल या भीतीने केलं.

मागच्या वर्षीचा मोसम तसा ऑगस्टमध्येच सुरू झाला. जॅनेटने आम्हाला वॉल्ट्झमध्ये नवीन हालचाल दिली होती. मी ह्यांच्या उजव्या बाजूने गिरकी घेत बाहेर पडायचं, एक मात्रा मोकळं राहायचं, आणि परत येताना ह्यांनी उजवा हात पुढे करून माझा डावा हात घ्यायचा. सोपी होती. पण हे माझा हात घेईनात. म्हणजे हात पुढे यायचा, पण हवेत चाचपडायचा. मी पुढे होऊन पकडायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, रागावलेत. सकाळी त्यांच्या बहिणीवरून थोडं झालं होतं. दुसऱ्या खेपेला वाटलं, लक्ष नाही. चौथ्या खेपेला मी चिडून म्हटलं, "अहो, मी इथे आहे. इथे." ते माझ्याकडे मान वळवून बघत राहिले. "अगं, तू तिथे कशी पोचलीस?" असं म्हणाले आणि हसले. सगळे हसले. मीही हसले.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. किंवा आधीपासून दिसत होत्या, त्या मी आता बघायला लागले. चहाचा मग नेहमी उजव्या हाताशीच सांडायचा. फ्रीजच्या उघड्या दाराला त्याच बाजूचा खांदा लागायचा. रेडवेवर फिरायला गेलो की उजवीकडून सायकल आली की हे दचकायचे आणि हल्लीच्या सायकलवाल्यांना शिव्या द्यायचे. आमच्या गावात चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळा लाल रस्ता आहे, तिथे इतकं दचकायचं काही कारण नाही.

आणि एक दिवस हॅरोहून माझ्या नणंदेचा, सुनंदाताईंचा फोन आला. एरवी त्या मला नाचावरून टोमणे मारतात. "काय म्हणतेय आमची हिरॉइन? या वयात कंबर मोडशील गं बाई." त्या दिवशी टोमणा मारून झाल्यावर सहज म्हणाल्या, "मी डोळे तपासून आले. बाबांचं होतं ना, म्हणून दरवर्षी करते. मिलिंद करतो का?"

बाबा म्हणजे माझे सासरे. काचबिंदूने आंधळे झाले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते चाळीच्या गॅलरीत घडीच्या खुर्चीवर बसलेले असायचे आणि पावलांवरून माणसं ओळखायचे. सासूबाई त्यांचा हात धरून कपाच्या कानाला लावायच्या. मिलिंद, म्हणजे हे, त्या खुर्चीबद्दल कधीही बोलत नाहीत. इतक्या वर्षांत एकदाच बोलले होते, गाडीत, रस्त्याकडे बघत: "माझं काहीही होऊ दे, ते नको."

मी फोन ठेवला आणि किचनमध्ये गेले. हे टेबलाशी बसून टॅब्लेटवर पेपर वाचत होते. मी ओट्यावरची मोठी पळी उचलली, त्यांच्या डाव्या बाजूला थोडं मागे उभी राहिले, आणि पळी हळूहळू पुढे नेली. "काय करतेस?" ते लगेच म्हणाले, मान न उचलता. "काही नाही, माशी," मी म्हटलं. मग उजवीकडे गेले. पळी पुढे नेली. आणखी पुढे. त्यांच्या कानाच्या पुढे, गालाच्या पुढे, इतकी की मला त्यांच्या चष्म्याच्या काचेत पळीची सावली दिसली. ते वाचत राहिले. पान सरकवलं. मी पळी खाली घेतली आणि उगाचच धुवायला लागले.

वीस वर्षं मी काचबिंदूचे थेंब लोकांच्या हातात दिले होते. रोज एक, दोन्ही डोळ्यांत, चुकवायचे नाहीत, हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. हा आजार बाजूचं दिसणं गुपचूप पळवतो, मेंदू रिकामी जागा आपणच भरून काढतो आणि माणसाला दिसत नाही हेसुद्धा कळत नाही, हे मी कितीतरी लोकांना काउंटरवरून समजावलं होतं. माझा नवरा मात्र तीन वर्षं डोळे तपासायला गेला नव्हता आणि मी त्याला दिवाळीच्या फराळाची यादी करून देत होते.

तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगायचं. मी नाही सांगितलं. स्पर्धा सहा आठवड्यांवर होती. पहिल्यांदा आम्ही फायनलला जाऊ शकू असं जॅनेट म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून हे सकाळी उठून गॅरेजमध्ये एकटे पावलं मोजत होते. वन टू थ्री, वन टू थ्री. मी वरून ऐकायचे. मला वाटलं, हे सहा आठवडे ह्यांना मिळू देत. मग आहेच ते. सांगितलं की हे त्याच दिवशी खिडकीशी जाऊन बसतील आणि मग कोणती पत्रकं आणायची? आणि खरं सांगायचं तर मलाही फायनल हवी होती. वडिलांनी घरात बसवलेल्या मुलीला हवी होती.

म्हणून मी ते केलं जे आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायकांना आपोआप येतं. सांभाळून घेतलं. शुक्रवारी लवकर जाऊन जॅनेटला गाठलं आणि म्हटलं, माझा डावा खांदा दुखतोय, ह्यांना सांगू नकोस, काळजी करतील, पण बाहेर पडायच्या सगळ्या जागा डावीकडे घेता येतील का? जॅनेटने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि अख्खा वॉल्ट्झ उलटा करून दिला. फॉक्सट्रॉट या आमच्या दुसऱ्या नाचातल्या दोन जागाही बदलल्या. आता मी जिथे जिथे हात सोडायचे तिथे तिथे ह्यांना दिसायचे. हे प्रत्येक वेळी माझा हात बिनचूक घ्यायचे. "जमलं की नाही?" असं विचारायचे. जमलं, मी म्हणायचे.

स्पर्धा म्हणजे मोकळा हॉल नसतो. एका वेळी दहा-बारा जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत असतात, त्यात वाट काढणं पुरुषाचं काम. पण मिठीत असताना बाईची मान डावीकडे वळलेली असते, म्हणजे तिला नेमकं त्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडचं दिसतं. माझा डावा हात ह्यांच्या दंडावर. कोणी जवळ आलं की मी बोटं दाबायचे, हे थबकायचे. अनेक बायका हे करतात, त्यात वावगं काही नाही. मी फक्त ते सहा आठवडे बोटांना विश्रांती दिली नाही. रोज प्रॅक्टिसनंतर बोटं आखडायची.

पण आठवड्याचे बाकीचे पाच दिवस काय? ज्या गावात दर अर्ध्या मैलाला एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आहे, त्या गावात हे गाडी चालवत होते. इथे राउंडअबाउटवर सगळं येतं ते उजवीकडून. मी शेजारी बसून ह्यांच्या छातीपलीकडे मान लांब करायचे आणि बोलत राहायचे. "ती लाल गाडी काय जोरात येतेय." "थांबा हं, ट्रक आहे." हे म्हणायचे, "तू चालवतेस की मी?" मी सोबत असले की निदान बोलता तरी यायचं. हे एकटे टेस्कोला सामान आणायला गेले की मी दारात उभी राहायचे. केरकचरा, रिसायकलिंग, काहीतरी हातात घेऊन. गाडी कोपऱ्यावर दिसली की आत यायचे आणि टीव्ही लावायचे. ते सहा आठवडे मी कशी जगले हे आज मला सांगता येणार नाही, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी दुसऱ्या कोणाची मुलगी रस्ता ओलांडत असती तर, हा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते. रोज करते.

स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एका जुन्या टाउन हॉलमध्ये होती. मी ह्यांच्या पाठीवर नंबर लावला, चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना. हे माझंच काम, मोसमातलं मला सगळ्यात आवडणारं. काळ्या कोटाच्या त्या रुंद पाठीला हात लावून उभं राहायचं आणि तो माणूस श्वास रोखून सरळ उभा. शेजारी इंग्लिश बायका हातापायांना तपकिरी रंग फासत होत्या, दिव्याखाली फिकं दिसू नये म्हणून. "तुला बाई तयारच मिळालाय," त्यातली एक मला म्हणाली. एरवी मी यावर काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, हॉलला चार खांब आहेत आणि त्यातले दोन ह्यांच्या उजव्या बाजूला येणार.

आम्ही हीट पार केली. सेमीफायनल पार केली. फायनलचे सहा नंबर पुकारले तेव्हा शेवटचा आमचा होता आणि ह्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली. वॉल्ट्झ सुरू झाला. मी डावीकडे बाहेर पडले, एक मात्रा एकटी राहिले, त्यांनी हात पुढे केला आणि मी परत आले. त्या एका मात्रेत मला त्यांचा चेहरा दिसला. चाळीस वर्षं बघतेय तो चेहरा, पण असा नाही. तिसरे आलो. बस ड्रायव्हर आणि त्याची बहीण दुसरे आले, बहिणीने मला मिठी मारली आणि आमचा मेकअप एकमेकींना लागला.

परतताना अजून थोडा उजेड होता. त्याच दिवशी घड्याळं मागे गेलेली, त्यामुळे कुठली वेळ खरी हेच कळत नव्हतं. मेडल माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मी रस्त्याकडे बघत नव्हते. आमच्या घरापासून दुसऱ्या राउंडअबाउटवर हे न थांबता आत शिरले. हॉर्न ऐकू आला आणि एक पांढरी व्हॅन ह्यांच्या दाराला वीतभर अंतरावर येऊन थांबली. व्हॅनमधली बाई ओरडत होती, काच बंद होती, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. मागच्या सीटवर तिची मुलं होती. हे दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते. "ही आली कुठून?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना डोळे तपासायला घेऊन गेले, बसने. तिथे त्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. टिक, टिक. मग बराच वेळ काहीच नाही. मग टिक. त्या शांततेत किती ठिपके चमकून गेले असतील ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुढे हॉस्पिटल, थेंब, लायसन्सच्या ऑफिसला पत्र. दोन्ही डोळ्यांत आजार होता, उजवीकडचं बरंच गेलं होतं. जे गेलं ते येत नाही, उरलेलं राखायचं. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, सहा आठवड्यांनी काही फरक पडला असता का? ती तरुण मुलगी माझ्याकडे समजुतीने बघत म्हणाली, "सहा आठवड्यांनी नाही हो. हे कित्येक वर्षांचं आहे." तिला वाटलं मला बरं वाटेल.

बाहेर कॅफेत हे शांत बसले होते. मी चहा आणला. कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. आता ते खिडकीशी बसणार, मी मनात म्हटलं. ते म्हणाले, "एक बरं झालं. आता तुझ्या खांद्याचं बघता येईल."

मला काही कळेना.

"जॅनेटने सांगितलं होतं मला, तेव्हाच. तू लपवतेयस म्हणाली. तुला त्रास होऊ नये म्हणून सगळं डावीकडे घेतलंय, आणि मलाच काही बोलू नकोस म्हणाली. मी बोललो नाही. पण गॅरेजमध्ये रोज डावीकडचं घोटत होतो, तुझा हात ओढला जाऊ नये म्हणून." मग जरा हसून म्हणाले, "आपण दोघंही डबल ढोलकी."

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, दुखत होता."

तेव्हापासून वर्षभर माझ्या धडधाकट खांद्यावर उपचार चालू आहेत. फ्रीजवर व्यायामाचा कागद लावलाय, इंटरनेटवरून ह्यांनी छापून काढलेला. मी रोज भिंतीवर बोटांनी दहा वेळा चढते आणि उतरते. हे बाजूला उभे राहून मोजतात. शनिवारी तिळाचं तेल कोमट करून लावतात. "इथे दुखतं का? इथे?" मी कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते, आणि गेल्या वेळी काय म्हटलं होतं ते आठवत बसते. हे खिडकीशी बसले नाहीत. एकदा लायसन्स पाकिटात घालून परत पाठवताना हात थोडा थांबला, तेवढंच. माझ्या खांद्याने त्यांना उभं ठेवलं, हे मला कळतं. म्हणूनच सांगणं रोज थोडं जास्त अवघड होत गेलं.

गाडी आता मी चालवते. लायसन्स वीस वर्षं होतं, पण सुपरमार्केटच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तुम्ही आहात ना, असं म्हणायचे. हे आता डावीकडच्या सीटवर बसतात, हात गुडघ्यांवर. प्रत्येक राउंडअबाउटच्या रेषेवर विचारतात, "उजवीकडे काही आहे का?" आधी मला शिकवायला म्हणून विचारायचे, आता सवयच झालीय. मी बघते, सांगते. काही नाही म्हटलं की ते मान हलवतात आणि मी गाडी काढते. एकदा विचारतात, एकदाच. त्यांना माझ्या नजरेचा भरवसा आहे.

परवा मंगळवारी बूट घासून झाल्यावर जॅनेट म्हणाली, "खांदा आता बरा दिसतोय. मूळचा वॉल्ट्झ परत आणू या का? उजवीकडचा?" मी नाही म्हणायच्या आत हे म्हणाले, "आणू या." जॅनेटला त्यांच्या डोळ्यांचं माहीत आहे, सगळ्या हॉलला माहीत आहे. तिने काळजीने माझ्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मला ती दिसणार नाही. पण ती कुठे असेल ते मला माहीत आहे."

गाणं लागलं. मी उजवीकडे बाहेर पडले, जिथे ह्यांच्यासाठी मी नाहीच. एक मात्रा. त्यांनी समोर बघत हात पुढे केला. हात जागेपेक्षा चार बोटं खाली होता आणि चाचपडत नव्हता, नुसता उघडा धरून थांबला होता. मी माझा हात खाली नेऊन त्यात ठेवला. जॅनेटने टाळ्या वाजवल्या, दंतवैद्यांनी वाजवल्या. हे माझ्या कानाशी म्हणाले, "खांद्याला ओढ नाही ना बसली?"

बाहेर पडलो तेव्हा उजेड होता. पहिला राउंडअबाउट गेला. उजवीकडे काही आहे का, काही नाही. दुसऱ्याच्या रेषेवर मी गाडी थांबवली. हाच तो, व्हॅनवाला. ह्यांनी अजून विचारलं नव्हतं.

"अहो, माझ्या खांद्याला काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "कधीच नाही. मला तुमचं माहीत होतं. स्पर्धेच्या सहा आठवडे आधीपासून. किचनमध्ये तुमच्या कानाशी पळी धरून बघितली होती मी. तरी सांगितलं नाही. तुम्हाला गाडी चालवू दिली."

ते समोर बघत राहिले. त्यांचे हात गुडघ्यांवरच होते, फक्त उघडे होते ते मिटले. मागच्या गाडीने एक छोटा हॉर्न दिला. इंग्लिश माणसाचा हॉर्न, माफी मागितल्यासारखा. मग आणखी एक.

"उजवीकडे काही आहे का?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. रस्ता पार टोकापर्यंत रिकामा होता.

"काही नाही."

"नक्की?"

वर्षभरात त्यांनी दुसऱ्यांदा कधी विचारलं नव्हतं. मी मान पूर्ण वळवून पुन्हा उजवीकडे बघितलं, आणि मग गाडी काढली.